मानमोडीच्या नावावर

आमच्या घरात कुणाचं काही दुखलं की त्याचा उगम एकाच ठिकाणी सापडत असे. सासूबाईंचे गुडघे मानमोडीनं गेले. माझे केस लवकर पिकले ते मानमोडीनं. समोरच्या काकूंना ऐकू कमी येई, त्याही कानावर हात ठेवून सांगत, "मानमोडीत बसले हो माझे कान."

मानमोडी म्हणजे महायुद्ध संपता संपता, अठरा साली आलेला तो ताप. डॉक्टर लोक त्याला इन्फ्लुएंझा म्हणत. सोलापुरात त्यातून कोरडं राहिलेलं घर मला माहीत नाही. आमचे सासरे त्यात गेले. यजमानही जाणार असंच सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. ओठ निळे पडले होते, नाकातून रक्त येत होतं, छातीत भाता चालल्यासारखा आवाज होता. मी स्वतः तापात होते, पण निदान उठून पाणी देण्याइतकी बरी होते. ते वाचले. मी वाचले. पुढं सूत विकण्याचं आमचं दुकान त्यांनी नावारूपाला आणलं, मुलं मोठी झाली, सासूबाई वारल्या, आणि घरातल्या दुखण्यांचा हिशेब मानमोडीच्या नावावर लिहायची सवय तेवढी मागं राहिली.

मला कामं मांडून ठेवायची सवय आहे. सकाळी पाटीवर दिवसाची कामं लिहायची, झालं की बोटानं पुसायचं. यजमान त्यावरून मला 'बाईसाहेब' म्हणत. "बाईसाहेब, आज पाटीवर आमचं जेवण आहे ना?" असं विचारल्याशिवाय ते पानावर बसत नसत.

दरवर्षी संक्रांतीची गड्ड्याची यात्रा उरकली की आम्ही मंगळवेढ्याला हुरड्याला जात असू. यजमानांची थोरली बहीण तिथं दिलेली. काळी भुसभुशीत जमीन, कमरेच्या वर गेलेला जोंधळा, आणि बांधाशेजारी खड्ड्यात पेटवलेली शेणकुटांची आगटी. त्यात कोवळी कणसं भाजायची, गरम गरम हातावर चोळायची, फुंकर मारून तुसं उडवायची आणि दाणे समोरच्याच्या ओंजळीत टाकायचे. सोबत शेंगांची चटणी आणि गूळ. चोळायचं काम वन्संचं. त्यांच्या तळहाताला चटका लागतच नाही असा त्यांचा दावा होता.

त्या साली बहीणभावांची पैज लागली. त्या चोळणार, हे खाणार, आधी कोण थांबतंय बघू.

"आरं, जरा दम खा की. फुंकून तरी दिऊ का नको?"

"आक्का, तू म्हातारी झालीस. हात चालेनात तुझे."

"म्हातारी तुजी बायकू!" असं म्हणून त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तू न्हवं गं, ह्येची दुसरी करायची हाय, ती."

यावर यजमान तोंडात बकाणा असताना हसले आणि त्यांना ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं, चेहरा लाल झाला. वन्संनी पाठीत दोन गुद्दे घातले, मी ताक दिलं, आणि पैज वन्संनी जिंकली असं ठरलं. आमच्याकडं हुरड्याला ठसका न लागलेला माणूस हुरडा जेवलाच नाही असं मानतात. त्या दिवशी निदान चौघांना तरी ठसका लागला होता. मोटारीत बसेपर्यंत त्याची आठवणही कुणाला राहिली नव्हती.

परत आल्यावर त्यांना खोकला सुरू झाला. उघड्या मोटारीत गार वारं लागलं असं मी म्हटलं. आल्याचा काढा, हळद-दूध, छातीला ओवा-तेल, सगळं क्रमानं केलं. विड्या बंद केल्या. दुकानातल्या गादीखाली एक बंडल सापडलं, तेही काढून टाकलं. खोकला थोडा कमी होई, पुन्हा वाढे. होळी झाली, पाडवा झाला. चैत्रात संध्याकाळचा ताप येऊ लागला. अंगरखा खांद्यावरून ओघळायला लागला. आणि एका सकाळी मोरीत त्यांनी मला हाक मारून थुंकी दाखवली. त्यात रक्ताची रेघ होती.

मी पाणी ओतून ती धुऊन टाकली. गिरण्यांच्या गावात रक्ताच्या थुंकीचा अर्थ कुणाला सांगावा लागत नाही.

आमचे डॉक्टर तेव्हा पन्नाशीच्या अलीकडचे होते. विलायतेला शिकून आलेले, पण बोलायला साधे. त्यांनी थुंकी तपासली, पुन्हा तपासली. क्षयाचे जंतू सापडले नाहीत. मला एवढा आनंद झाला की मी दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना चप्पल तिथंच विसरले. डॉक्टरांना मात्र आनंद झालेला दिसला नाही. छातीच्या उजव्या बाजूला खालती हवा जात नाही, असं ते म्हणाले. मिरजेला जाऊन क्ष-किरणांचा फोटो काढून आणा.

कुर्डुवाडीला गाडी बदलून आम्ही छोट्या रुळाच्या गाडीनं मिरजेला गेलो. ती गाडी इतकी हळू चाले की यजमान म्हणाले, उतरून खोकून पुन्हा चढता येईल. वैशाखाचा उन्हाळा होता. मी ओली चादर खिडकीला बांधली होती, दशम्या आणि पाण्याची कळशी बरोबर घेतली होती, आणि थुंकीसाठी झाकणाचं पितळी भांडं. मिरजेच्या डॉक्टरांनी फोटो काढून पाकिटात घालून दिला. तुमचे डॉक्टर सांगतील, म्हणाले.

आमच्या डॉक्टरांनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला. फासळ्या मला ओळखू आल्या. उजवीकडं खाली एक पांढुरका डाग होता, कुणी पाण्यात कालवलेला चुना सांडावा तसा.

"घशात काही अडकल्याचं आठवतं?" त्यांनी विचारलं. "सुपारीचं खांड, तुटलेला दात, चिंचोका, एखादं बटण?"

"सुपारी हे खात नाहीत," मी म्हटलं. "दात सगळे जागेवर आहेत."

"बटण मी अजून चाखलेलं नाही," यजमान म्हणाले.

"पूर्वी छातीचं मोठं दुखणं?"

हा प्रश्न येणार हे धरून मी त्यांची सगळी दुखणी कागदावर क्रमानं उतरवून आणली होती. सगळ्यांत वर मानमोडी होती. डॉक्टरांनी तिथं बोट ठेवलं.

"किती जबर होती?"

"ओठ निळे पडले होते," मी सांगितलं.

ते खुर्चीत बसले. आम्हालाही बसायला सांगितलं. मग म्हणाले, "मालक, मी आता जे बोलणार आहे ते सिद्ध झालेलं नाही. पण तुमच्यापासून लपवणार नाही. फुप्फुसातला कर्करोग पूर्वी फार क्वचित बघायला मिळायचा. अलीकडं विलायतेतले डॉक्टर म्हणतात, तो जास्त दिसतोय. का दिसतोय ते कुणालाच ठाऊक नाही. कुणी म्हणतं मोटारींचा धूर, कुणी म्हणतं रस्त्यावरचं डांबर, कुणी तंबाखूला धरतं. आणि काहीजण म्हणतात, ती इन्फ्लुएंझाची साथ."

"इतक्या वर्षांनी?" मी विचारलं. "ताप तर केव्हाच गेला."

"ताप गेला. पण त्या तापात फुप्फुसाच्या नळ्यांचं आतलं अस्तर सोलून निघालं होतं. ते पुन्हा आलं. जखमेवर नवी कातडी येते तसं. आता ते पूर्वीसारखंच आलं, की भलत्याच जातीचं आलं, आणि त्या भलत्यातून पुढं गाठ होते का, हा प्रश्न आहे." त्यांनी फोटो टेबलावर ठेवला. "आणि त्या तापाचं विष जंतूपेक्षाही बारीक असावं, असं आता मानतात. चिनी मातीच्या गाळणीतूनही पार होणारं. सूक्ष्मदर्शकालाही न दिसणारं. असल्याच न दिसणाऱ्या विषानं कोंबड्यांना गाठी होतात, हे तर पडताळून झालं आहे. एका कोंबडीच्या गाठीचा रस गाळून दुसरीला टोचला, की तिलाही गाठ येते. माणसाचं काय, ते अजून कुणी सांगू शकत नाही."

यजमानांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे मानमोडी गेलीच नव्हती, डॉक्टर. आमच्याकडं बिऱ्हाड करून राहिली होती."

डॉक्टर हसले नाहीत. मुंबईला एक डॉक्टर घशातून नळी घालून आतलं बघतात, त्यांच्यासाठी चिठ्ठी देतो, म्हणाले. तोवर रोज सकाळी छातीतला कफ काढायचा. खाटेवर पालथं झोपायचं, कमरेपासून वरचं अंग खाटेखाली लोंबतं सोडायचं, डोकं खाली, आणि दुसऱ्यानं पाठीवर थापट्या मारायच्या. निघेल ते भांड्यात धरायचं आणि बघायचं.

दवाखान्यातून घरी येताना बाजार नेहमीसारखाच चालू होता. चादरींचे गठ्ठे डोक्यावर घेतलेले हमाल, सुताच्या गुंड्या खांद्यावर टाकून निघालेले तेलुगू विणकर, पाटीत भाजी घेऊन बसलेल्या बायका. माझ्या वयाचं प्रत्येक माणूस त्या सालातून निघालं होतं. प्रत्येकाच्या बरगड्यांमागं ते अस्तर नव्यानं आलेलं होतं. कुणाचं कसं आलं, कुणाला माहीत? माझंही त्यातच. पहिल्यांदाच मला वाटलं की मानमोडीला नावं ठेवताना आम्ही इतकी वर्षं एका झोपलेल्या माणसाला नावं ठेवत होतो.

पण मला काळजी होती ती एकाच छातीची. मी घरी आले आणि पाटी घेतली. मुंबईला कुणाकडं उतरायचं. दुकानावर कोण बसेल. थोरल्याला पुण्याहून बोलवायचं का परीक्षा होऊ द्यायची. यजमानांनीच मला दुकानात बसवून कुठलं सूत कुठल्या मागाला चालतं, कोणतं धोतराला आणि कोणतं चादरीला, हे समजावायला सुरुवात केली. मी शिकून घेतलं. ते का शिकवतायत हे दोघांनाही ठाऊक होतं. एकदा सुताची गुंडी माझ्या हातात देताना ते म्हणाले, "बाईसाहेब, हे पाटीवर लिहू नका. पुसलं जाईल."

मुंबईला निघायच्या आदल्या दिवशी सकाळी वन्सं आल्या. सर्व्हिस मोटारीनं, डोक्यावर पिठाचं बोचकं, काखेत कोंबडी नव्हती एवढंच. यजमान तेव्हा खाटेवरून खाली लोंबत होते आणि मी त्यांच्या पाठीवर थापट्या मारत होते. पहिल्या दिवसापासून हा कार्यक्रम मी चुकवला नव्हता. घट्ट, घाण वासाचा कफ रोज थोडा थोडा पडत होता आणि ताप जरा उतरला होता, पण रक्त थांबलं नव्हतं.

वन्सं दारातच थबकल्या. भावाची ती दशा बघून त्यांचा चेहरा पडला. मी म्हटलं, आता या रडणार. पण त्या पदर खोचून पुढं आल्या आणि खाली वाकून त्यांच्या उलट्या तोंडाकडं बघत म्हणाल्या, "काय रं, आमच्या चिंचंवरचं वटवाघूळ हितं कवा आलं?"

यजमानांनी उलट्या तोंडानं उत्तर दिलं, "तुझ्या चिंचेवर जागा न्हाय म्हणून."

"जागा हाय की. तुजा दाजी दुपारी तितंच लोंबतंय, शेताकडं जा म्हनलं की."

दाजी हे गावातलं सगळ्यांत आळशी आणि सगळ्यांत गोड माणूस. दाजी चिंचेला लोंबकळतायत हे यजमानांच्या डोळ्यांपुढं आलं असावं. ते हसायला लागले. डोकं खाली असताना हसू आवरता येत नाही. हसण्याचा खोकला झाला, खोकल्याची उबळ झाली, आणि ती थांबेना. मान लाल, मग जांभळी. मी त्यांना वर ओढू बघत होते, ते हातानं नको म्हणत होते. वन्संच्या तोंडून "आगं आयाई गं" एवढंच निघत होतं. मग एकदम भळकन कफ पडला, रक्त पडलं, आणि ते खाटेवर उताणे होऊन नुसते श्वास घेत राहिले. मोठे श्वास. इतके मोठे की मला आधी भीतीच वाटली.

"अगं," ते म्हणाले, "हवा आली."

"कुठं?"

त्यांनी उजव्या बरगडीवर, खाली, हात ठेवला.

मी भांडं घेऊन मोरीवर गेले. निघालेलं बघायचं हे माझं काम. पाणी ओतलं, काडीनं कफ बाजूला केला. तळाशी काहीतरी टणक लागलं. धुऊन तळहातावर घेतलं. काळपट पडलेली कणसाची बारीकशी काडी होती, नखाएवढी, आणि तिला चिकटलेली दोन तुसं, त्यांच्या कवेत कुजून गेलेला एक दाणा.

मी तशीच वन्संपुढं हात केला. त्यांनी ते उचललं, उजेडात धरलं, आणि नखानं खरवडून बघितलं.

"जोंधळा," त्या म्हणाल्या. मग खाली बसल्या. "आगं, हे आपल्या हुरड्यातलं हाय की. मीच चोळलेलं. ह्येनं फुंकू दिलं न्हाय."

यजमान खाटेवरून म्हणाले, "बघू."

बघितलं. उलटंसुलटं करून बघितलं. मग बहिणीला म्हणाले, "आक्का, पैज अजून चालू आहे. मी थांबलो नव्हतो, आत ठेवून दिला होता."

वन्सं तेव्हा रडल्या. तोंडात पदर धरून रडल्या, आणि रडता रडता भावाला दोन गुद्देही घातले. मी रडले नाही. मी काचेची बाटली उकळून घेतली, त्यात ते ठेवलं, वर थोडं पाणी, आणि डोक्यावर पदर घेऊन दवाखान्यात निघाले. वाटेत गिरणीचा भोंगा झाला आणि तो मला लग्नातल्या सनईसारखा वाटला. एवढंच काय ते माझं रडणं.

डॉक्टरांनी बाटली हलवून बघितली.

"मी विचारलं होतं!" ते म्हणाले. "काही अडकलं होतं का म्हणून विचारलं होतं की नाही?"

"तुम्ही सुपारी विचारलीत, दात विचारलात, बटण विचारलंत," मी म्हटलं. "हुरडा कुठं विचारलात?"

"ठसका लागल्याचं तरी आठवायला हवं."

"हुरड्याचा ठसका कोण ध्यानात ठेवतं, डॉक्टर? जेवताना पाणी प्यालेलं ध्यानात ठेवतो का?"

डॉक्टर मोकळेपणी हसले. मग लगेच गंभीर झाले. नळीत काडी अडकली, तिच्या मागचा भाग कुजला, त्याचा तो डाग दिसत असणार, म्हणाले. पण खात्री फोटोच देईल. डाग विरायला लागला तर प्रश्न मिटला. नाही विरला, तर मुंबई आहेच.

मुंबईचं पुढं ढकललं. थापट्या चालूच ठेवल्या. वन्सं राहिल्या आणि त्यांनी भावाला कडक भाकरी, दूध आणि चटणी असं खायला घातलं की आषाढात अंगरखा पुन्हा जागेवर बसला. ताप गेला. रक्त थांबलं. तरीही दुसऱ्या फोटोला जाताना कुर्डुवाडीच्या फलाटावर मी त्यांच्या श्वासाकडं कान देऊन उभी होते. ते बाकावर बसून शेजारच्या प्रवाशाला हुरड्याची गोष्ट सांगत होते आणि सांगता सांगता काडी नखाएवढीची बोटाएवढी झाली होती.

डॉक्टरांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी धरले. चुना सांडला होता तिथं आता धुक्यासारखं काहीतरी उरलं होतं, आणि त्यातून फासळी दिसत होती. ते काही बोलायच्या आधीच मला कळलं. मी उठले आणि उगीचच खिडकी पुसली.

"मग ती मानमोडी?" मी जाताना विचारलं. "ते सगळं खोटंच?"

"खोटं कसं म्हणू?" ते म्हणाले. "यांच्यापुरतं मिटलं. बाकीच्यांचं काय ते अजून कुणालाच ठाऊक नाही. ते शोधायला माणसं आहेत." पुढं एका वर्षी त्यांनीच मला सांगितलं की विलायतेत त्या तापाचं न दिसणारं विष मुंगसासारख्या एका प्राण्याला देऊन त्याला शिंका आणून दाखवल्या. म्हणजे विष आहे, हे नक्की झालं. ते माणसाच्या छातीत मागं काही ठेवून जातं का, ते अजून नाही. मला आता त्याची भीती वाटत नाही असं नाही. पण उत्तर निघेपर्यंत मी त्या प्रश्नाला माझ्या घरात जागा देत नाही.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही मंगळवेढ्याला गेलो. नको, असं मी म्हणून बघितलं. यजमान म्हणाले, वैर धरायचं तर जोंधळ्याशी कुणी धरतं का? वन्संनी आगटी पेटवली आणि आधीच जाहीर केलं की औंदा खाताना कुणी बोलायचं न्हाय, हसायचं न्हाय, आणि दाजींनी तर तोंडच दाखवायचं न्हाय. चोळलेला हुरडा त्यांनी दोनदा फुंकला, मग सुपात घेऊन पाखडला, मग भावाच्या ओंजळीत घातला. यजमानांनी दाणे तोंडात टाकले. चावले. गिळले.

आणि खोकले.

आमचे सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले. वन्संची मूठ तर आगटीवर तशीच राहिली, चटका बसेपर्यंत.

"धूर," यजमान डोळे पुसत म्हणाले. "घशात धूर गेला गं. वारं फिरलंय."

वारं खरंच फिरलं होतं. आम्ही आगटीच्या दुसऱ्या बाजूला सरकून बसलो आणि वन्संनी पुढचं कणीस चोळायला घेतलं.